वाट पाहायची म्हणजे नक्की करायचं काय? (मिस्टर डायलिसिसवर आहेत, किडनीच्या यादीत नाव आहे)

नगरची_लेक

सगळ्यांना सलाम. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माहेर नगर जिल्ह्यातलं, लग्नानंतर पिंपरीत. मिस्टर ४३ वर्षांचे. बीपीकडे लक्ष दिलं नाही आणि दोन्ही किडन्या गेल्या, कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. अडीच वर्षं डायलिसिस चालू आहे, मंगळवार गुरुवार शनिवार, सकाळची पहिली शिफ्ट, चार तास मशीनवर. त्यांचा ब्लड ग्रुप ओ पॉझिटिव्ह आणि माझा बी, म्हणून माझी किडनी चालत नाही. दिरांना शुगर आहे. सासूबाई ७१ च्या. मग हॉस्पिटलमार्फत पुण्याच्या झेडटीसीसीच्या (अवयव वाटप बघणाऱ्या विभागीय केंद्राच्या) यादीत नाव नोंदवलं आणि तेव्हापासून फोनची वाट बघतोय. रात्री फोन उशाशी घेऊन झोपते, आवाज फुल ठेवून. एकदा रात्री दोनला वाजला, मी उठून बसले, हात इतके थरथरत होते की उचलता येईना, आणि राँग नंबर निघाला. त्या रात्री मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, मुलं उठू नयेत म्हणून.

त्यांची नोकरी सुटली. मी एका ऑफिसात क्लार्क आहे, घरी येऊन ब्लाऊज शिवते. डायलिसिस सरकारी योजनेतून होतं पण इंजेक्शनं, औषधं, रिक्षा, तपासण्या, सगळं चालूच असतं. हे पैशासाठी लिहीत नाहीये, गैरसमज नको.

प्रश्न असा आहे की मंडळीत (चर्चमध्ये) सगळे म्हणतात धीर धर, प्रभूवर भरवसा ठेव, त्याची वेळ यायचीय. मी लहानपणापासून संडे स्कूलला गेलेली मुलगी आहे, ही वचनं मला तोंडपाठ आहेत. पण वाट पाहायची म्हणजे रोज सकाळी उठून नक्की करायचं काय हे कोणीच सांगत नाही. हातावर हात ठेवून बसायचं? रडायचं नाही? मी हल्ली प्रार्थनेत देवाशी भांडते. कधीकधी बोलतच नाही, नुसती बसून राहते. हे पाप आहे का?

दुसरं म्हणजे मागच्या वर्षी एका सभेत बाहेरून आलेल्या एका सेवकाने (उपदेशकाने) मिस्टरांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सांगितलं की तुम्ही बरे झालात, आता मशीनवर जाणं म्हणजे अविश्वास. मिस्टरांनी त्या शनिवारी डायलिसिस चुकवलं. मी अडवलं नाही, कारण मलाही ते खरं असावं असं फार वाटत होतं. सोमवारी पहाटे श्वास लागला, आडवं होता येईना, इमर्जन्सीत न्यावं लागलं. वाचले. पण नंतर कानावर आलं की आमचाच विश्वास कमी पडला. तेव्हापासून मिस्टर घरात प्रार्थनेला बसतात पण तोंडातून शब्द काढत नाहीत.

आणि तिसरं, जे मी कुणालाच बोलले नाही. किडनी यायची म्हणजे कुठल्यातरी घरात कोणीतरी जायला पाहिजे ना. मग मी रोज रात्री नक्की काय मागतेय देवाकडे? कुणाच्यातरी मुलाचं मरण? हे डोक्यात आलं की माझी प्रार्थना तिथेच थांबते.

कोणी यातून गेलं असेल तर सांगा. वचनं पाठवू नका प्लीज, ती माझ्याकडे आहेत.

विश्वासवीर_७

आमेन ताई. फक्त विश्वास ठेवा, शंका आणू नका, शंका आली की आशीर्वाद अडतो. ह्याच महिन्यात चमत्कार होणार, स्वीकार करा.

रात्रपाळी_सिस्टर

ताई, मी नर्स आहे, अकरा वर्षं डायलिसिस युनिटमध्ये काढली, आता ट्रान्सप्लांट विभागात असते. मीही मंडळीतलीच, आई पण नर्स होती, आमच्याकडे हे घराण्यातच आहे म्हणा.

आधी वरच्या भावांना, राग मानू नका, पण पेशंटच्या बायकोला महिना ठरवून देऊ नका. तो महिना संपल्यावर तिच्या घरात काय होतं ते आम्ही बघतो, तुम्ही नाही.

ताई, आता सगळ्यात महत्त्वाचं. डायलिसिस एकदाही चुकवायचं नाही, कोणीही काहीही सांगू दे. किडनी बंद असताना पोटॅशियम रक्तात साठत जातं आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस बोलता बोलता जाऊ शकतो. पाणी साठलं की फुप्फुसात उतरतं, तुमच्या मिस्टरांना श्वास लागला तो त्यामुळेच. विश्वास कमी पडला म्हणून नाही, दोन शिफ्टमधलं अंतर वाढलं म्हणून. हे त्यांना माझ्या नावाने वाचून दाखवा. नारळपाणी, केळं, फळांचा ज्यूस, उपासाच्या प्रार्थनेनंतर लोक प्रेमाने हातात देतात, घेऊ नका म्हणावं. आणि कडक उपास करायचा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

शास्त्राचंच (बायबलचंच) बोलायचं तर यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३८ वा अध्याय वाचा. हिज्कीया राजा मरायला टेकला होता, तो रडला, देवाने यशयाच्या तोंडून सांगितलं तुला आणखी १५ वर्षं दिली. एवढं स्वतः देवाने सांगितल्यावरही यशया म्हणाला अंजिरांचा लगदा आणा आणि गळवावर बांधा. वचन पण मिळालं आणि लेप पण लावला. मिरजेला १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं राहिलं, आपल्या किती बायका तिथे नर्सिंग शिकल्या, त्या काय अविश्वासू होत्या का? मी सुई लावताना मनात प्रार्थना करते. दोन्ही हातांनी एकच काम चाललेलं असतं.

आता तुमचं तिसरं. हा प्रश्न मला आमच्या पेशंटच्या घरच्यांनी बऱ्याचदा विचारलाय, दारामागे, हळू आवाजात, त्यामुळे तुम्ही एकट्या नाही. बघा, अवयव मिळतात ते ब्रेन डेड झालेल्या, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेल्या माणसाचे. कायद्याने चार डॉक्टरांचं पथक लागतं, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते, मगच तसं जाहीर करतात. यादी बघणारे वेगळे आणि पेशंटला वाचवायला झटणारे वेगळे. म्हणजे तुमच्या नावासाठी कोणी जात नाही. तो अपघात, तो झटका, तो तुमच्या प्रार्थनेने येत नाही आणि तुम्ही प्रार्थना थांबवल्याने टळत पण नाही. त्यानंतर एका खोलीत त्या घरच्यांना विचारलं जातं. मी त्या खोलीत उभी राहिलेय. तिथे एक आई असते जिचं सगळं संपलेलं असतं आणि तरी ती मान हलवते. तुम्ही तिच्यासाठी प्रार्थना करा. तिला आधार मिळो, त्या वेळी तिच्याशेजारी कोणी चांगलं माणूस असो, एवढं मागा. मी तर गेल्या कित्येक वर्षांत दुसरं काही मागितलेलंच नाही. नाव कुणाचं कुणाला कळत नाही, पण देवाला कळतं.

प्रॅक्टिकल पण सांगते. ओ गटाला वाट जास्त पाहावी लागते कारण त्यांना ओ चीच किडनी चालते, हे कोणीतरी तुम्हाला नीट समजावायला हवं होतं. म्हणजे उशीर होतोय तो तुमच्यावर देव नाराज आहे म्हणून नाही. स्वॅपचं विचारलंय का, दोन जोडप्यांमधली अदलाबदल? ओ पेशंटला जोडी जुळणं अवघड जातं, खोटी आशा देत नाही, पण कोऑर्डिनेटरला सांगून नाव तिथेही घालून ठेवा. आणि तयारी. फोन आला की काही तासांत पोचावं लागतं. फाइल, रिपोर्ट, आधार, चार कपडे एका पिशवीत भरून दाराजवळ ठेवा. दात, हृदय, सगळ्या तपासण्या वेळच्या वेळी अपडेट. अंगात ताप किंवा इन्फेक्शन असेल तर हातातोंडाशी आलेली किडनी पुढच्या पेशंटकडे जाते, म्हणून कॅथेटर (डायलिसिसची नळी), फिस्टुला (सुई लावायला हातात जोडलेली शीर), सर्दी खोकला सगळं जपा. तुम्ही विचारलंत ना रोज करायचं काय, तर माझ्या मते हे करायचं.

निवृत्त_पाळक

मुली, सलाम. तू वचनं नको म्हणालीस ते मला पटलं. ३४ वर्षं पाळकपण केलं (चर्चचा पास्टर होतो), तेवढ्यात मीही किती घरांत वचन म्हणून, चहा पिऊन निघून आलो, आज आठवलं की वाईट वाटतं. म्हणून वचन पाठवत नाही, पण एका माणसाची गोष्ट सांगतो, चालेल ना.

हबक्कूक, बायबलमधला एक संदेष्टा. त्याचं तीनच अध्यायांचं पुस्तक आहे, उपदेशात फारसं कोणी घेत नाही. ह्या माणसाने पुस्तकाची सुरुवातच भांडणाने केलीय. किती काळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस, असं थेट देवाला विचारलंय. आणि देव त्याला गप्प करत नाही, उत्तर देतो. ते उत्तर त्याला आवडत नाही, तर तो पुन्हा भांडतो! आणि मग दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या ओळीत काय म्हणतो, की मी आता माझ्या पहाऱ्याच्या जागेवर उभा राहतो आणि तो काय बोलतो ते बघतो. आपण ज्याला वाट पाहणं म्हणतो ते ह्याच्यापुढे सुरू होतं, भांडण झाल्यावर. आधी नाही. दृष्टान्ताला उशीर झाला तरी वाट पाहा, हे आपलं आवडतं वाक्य त्याच्या पुढचं आहे, आपण मधूनच उचलतो आणि भिंतीवर लावतो.

आपली मराठी बघ किती चांगली आहे. आपण वाट "बसत" नाही, वाट "पाहतो". वाट म्हणजे रस्ता. रस्त्याकडे डोळे लावून उभं राहायचं, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ. आमच्या गावी आई संध्याकाळी ओट्यावर यायची, वडील बाजाराला गेलेले असायचे, तिच्या हातात तांदळाचं सूप असायचं, निवडणं चालूच असायचं, फक्त मधून मधून मान वर व्हायची. ती वाट पाहत होती. कामही करत होती. १३० वं स्तोत्र तुला पाठ असेल, पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी. पहारेकरी म्हणजे ड्युटीवर असलेला माणूस. त्याच्या हातात सूर्य उगवणं नाही, पण जागं राहणं आणि फेरी मारणं आहे. वरती सिस्टरबाईंनी पिशवी भरून ठेवायला सांगितलीय ना, मला ते वाचून भरून आलं, मी तीस वर्षं जे समजावू पाहत होतो ते त्यांनी एका पिशवीत सांगितलं.

भांडणं पाप आहे का, ह्याचं उत्तर मी सरळ देतो. नाही. १३ व्या स्तोत्रात "कोठवर" हा शब्द चार वेळा येतो, पहिल्या दोनच ओव्यांत. ८८ वं स्तोत्र तर अंधार ह्या शब्दापाशी येऊन संपतं, शेवटी स्तुती नाही, काही नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे, कोणी खोडलं नाही. ईयोबाचं बघ, याकोबाच्या पत्रात त्याच्या धीराचं उदाहरण दिलंय म्हणून आपण त्याला शांत म्हातारा समजतो. तो अध्यायच्या अध्याय ओरडलाय, आपला जन्मदिवस शापलाय. आणि शेवटी देव कुणावर रागावतो? त्याच्या मित्रांवर, ज्यांना सगळ्याचं कारण माहीत होतं. ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, मित्र नाही बोलले, असं देवच म्हणतो, ४२ वा अध्याय. म्हणून तुमचा विश्वास कमी पडला म्हणणाऱ्यांची मला भीती वाटते, तुझी नाही.

मिस्टर गप्प बसतात त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. प्रार्थनेला बसतात ना, बसू दे. एक गोष्ट मात्र करून बघ, त्यांना प्रार्थना करायला सांगू नकोस, त्यांच्यादेखत तूच भांड, मोठ्याने. ते ऐकतील. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी त्यांच्या मनातलं बोललेलं बऱ्याचदा पुरतं.

विश्वासवीर_७

पाळक साहेब, आदर आहे तुमचा, पण मग चमत्कार मागायचाच नाही का? मी स्वतः टायफॉइडमधून प्रार्थनेने उठलोय. ताईंना दुखवायचा हेतू नव्हता.

निवृत्त_पाळक

भाऊ, मागायचा, जरूर मागायचा, मी आज रात्री मागणारच आहे. पौलाने अंगातला काटा (त्याची पीडा) जावा म्हणून तीनदा मागितलं. मिळालं का? काटा राहिला, कृपा मिळाली. त्याचा विश्वास तुमच्या माझ्यापेक्षा कमी होता असं म्हणायची माझी छाती नाही. मागणं आपलं, तारीख टाकणं आपलं नाही. तुम्ही उठलात ह्याचा मला आनंद आहे, देवाचं नाव घ्या, आणि ज्या उठल्या नाहीत त्यांच्या घरीही जा.

वसईची_आई

बाय, मी कॅथलिक, तुमच्या प्रार्थनेची पद्धत वेगळी असेल पण दुखणं एकच आहे म्हणून लिहिते.

माझे मिस्टर सहा वर्षांपूर्वी गेले. लिव्हर. आम्हीपण थांबलो होतो, यादीत होतो. फोन आला नाही. मी नऊ दिवसांचे नोव्हेना किती केले त्याची मोजदाद नाही, रोज रात्री रोझरी, बुधवारी उपवास, सगळं. ते एका पावसाळ्यात पहाटे गेले. हे तुला घाबरवायला सांगत नाही गं. पण अशा चर्चेत ज्यांना मिळालं तेच साक्ष देतात, ज्यांना नाही मिळालं त्या बायका मागच्या बाकावर बसतात आणि काही बोलत नाहीत, आणि मग तुझ्यासारखीला वाटतं की सगळ्यांना मिळतं, फक्त माझंच अडलंय. मी मागच्या बाकावरची.

पहिलं वर्ष मिस्साला जायचे पण तोंड उघडायचे नाही. गाणं नाही, उत्तर नाही. फादरांना सांगितलं, कन्फेशनमध्ये, की मी देवाशी बोलत नाही. ते म्हणाले येत राहा, तुझ्या वाटचं बाकीचे म्हणतील. एवढंच. उपदेश नाही. मला ते आजपर्यंत पुरलंय.

मला मदत कशाची झाली तर पवित्र आठवड्याची, ईस्टरच्या आधीच्या. आमच्याकडे पवित्र गुरुवारी रात्री मिस्सा (चर्चची उपासना) झाली की पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्तशरीराची भाकर, वेगळ्या वेदीवर नेऊन ठेवतात आणि लोक पाळीपाळीने तिथे जागतात. येशूने बागेत मित्रांना तेवढंच तर मागितलं होतं, माझ्याबरोबर जागे राहा. देवाच्या मुलालासुद्धा त्या रात्री एकट्याने वाट पाहवत नव्हती, त्याला कोणीतरी जवळ पाहिजे होतं. आणि तोसुद्धा तीनदा म्हणाला हा प्याला टळू दे. टळला नाही. मग शुक्रवार. आणि मग शनिवार, त्याच्यावर कोणी फार बोलत नाही. वेदी उघडी, चादर नाही, फुलं नाहीत, साक्रामेंत ठेवायच्या मंजुषेचं दार सताड उघडं आणि आत काही नाही, दिवसभर मिस्सा नाही. त्या दिवशी देव काहीच बोलत नाही. रात्री अंधारात मेणबत्ती पेटते पण ती रात्री, दिवसभर नाही. मी त्या वर्षी शनिवारी दुपारी रिकाम्या चर्चमध्ये जाऊन बसले आणि पहिल्यांदा वाटलं की माझ्यासाठी पण ह्या धर्मात एक दिवस ठेवलेला आहे. अख्खा दिवस. कोणी मला उठ, हस, आलेलुया म्हण असं म्हणत नव्हतं.

तुझा शनिवार अडीच वर्षांचा झाला. किती लांबेल माहीत नाही. तू प्रार्थनेत नुसती बसतेस म्हणालीस ना, मीपण तशीच बसायचे, ती पण प्रार्थनाच आहे, मी सांगते. आणि मिस्टरांचे हात चेप, अंगाला खाज सुटते डायलिसिसवाल्यांना असं ऐकलंय, खोबरेल लाव. माझे गेल्यावर मला प्रार्थना आठवल्या नाहीत, त्यांचे पाय आठवले.

तरुणसंघ_पुणे

ताई मी २६ चा आहे, मोठ्यांपुढे काय बोलणार, पण मला एका गोष्टीचा खरंच त्रास होतो म्हणून लिहितो. सगळे ताईंना सांगतायत धीर कसा धरायचा, पण अडीच वर्षं ज्या मंडळीने धीर धर एवढंच सांगितलं त्या मंडळीला कोण सांगणार? मार्क २ मधला पक्षाघाती घ्या, चार जणांनी त्याला बाजेसकट उचललं, गर्दी होती म्हणून छप्पर उघडलं आणि खाली सोडलं. तिथे स्पष्ट लिहिलंय की येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला. त्या पडलेल्या माणसाच्या विश्वासाबद्दल एक अक्षर नाही, तो काही बोललासुद्धा नाही. मग आपण आजारी माणसाला उठवून त्याच्या विश्वासाची परीक्षा का घेतो? आपला तपासा ना, बाजेचे चार कोपरे कुठेयत?

मोशेचं पण तसंच, लढाई चालू असताना हात वर धरून दमला तर अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवलं आणि दोन बाजूंनी हात धरले, सूर्य मावळेपर्यंत. त्याला कोणी म्हटलं नाही की मोशे, तुझा विश्वास कमी पडतोय, हात खाली येतायत.

आमच्याकडे एका काकांना डायलिसिस होतं तेव्हा आम्ही तरुण संघात एक साधा व्हॉट्सॲप ग्रुप केला, आठवड्याचे तीन दिवस, तीन नावं. एकाने सकाळी गाडीवर सोडायचं, एकाने आणायचं, एका घरातून डबा, तोही कमी मिठाचा, भाजी चिरून आधी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचं असं डाएटिशियनने सांगितलेलं तसं. सुरुवातीला दोन महिने उत्साह होता मग गळती लागली, खोटं नाही बोलणार, तेव्हा महिला मंडळाने हातात घेतलं आणि त्यांनी ते शेवटपर्यंत चालवलं. काकांना वचनं कोणी फारशी ऐकवली नाहीत. सोडायला जाणारा मुलगा क्रिकेटवर बोलायचा.

ताई, तुम्ही पिंपरीत कुठे असता ते इथे लिहू नका, ॲडमिनना मेसेज करा. मंगळवारची सकाळ माझी. सिरियसली म्हणतोय.

केडगावची_पणती

मी शाळेत शिक्षिका होते, आता रिटायर. माझी पणजी १९०० च्या दुष्काळात लहान मूल म्हणून केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आली आणि तिथेच वाढली, म्हणून आमच्या घरात रमाबाई देवाच्या खालोखाल. वाट पाहण्याचा विषय निघाला की मला त्याच आठवतात.

लोकांना रमाबाई म्हणजे संस्था, विद्वत्ता, पुतळा. पण आयुष्य बघा. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे, घर दार नाही, तीर्थयात्रा आणि पुराण सांगणं. दुष्काळात वडील गेले, आई गेली, मग बहीण. भावाबरोबर पायी हिंडत हिंडत कलकत्त्याला पोचल्या, पुढे १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न, १८८१ ला मनोरमा झाली, १८८२ ला पती गेले. म्हणजे २४ व्या वर्षी मागे कोणी नाही आणि कडेवर मूल. बाप्तिस्मा १८८३ ला, इंग्लंडमध्ये. आपल्याला वाटतं विश्वासात आल्यावर सगळं सुरळीत झालं असेल. १८८९ ला शारदा सदन काढलं तर धर्मांतराच्या वादात किती घरांनी मुली काढून नेल्या. मग केडगावला माळरानावर जमीन, विहिरी खणायच्या, आणि दुष्काळातून शेकडो उपाशी मुली आणून त्यांना आधी पेज पाजायची. जशा दुष्काळाने यांचे आईवडील नेले, तशाच दुष्काळाच्या तोंडातून त्या दुसऱ्यांची लेकरं काढत होत्या. पणजी सांगायची (मला आजीकडून कळलं) की आईला, त्यांना सगळ्या आईच म्हणत, ऐकू कमी यायचं, पण रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असायचा, शास्त्राचं भाषांतर चालायचं. इब्री आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं शास्त्र. छापायची जुळणी मुक्तीच्या मुलींनीच केली. त्यात १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. एकुलती एक, जिच्या हातात सगळं सोपवायचं होतं ती. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेसुद्धा जगल्या नाहीत, ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, आणि त्या मधल्या महिन्यांतही काम थांबलं नाही. पुस्तक छापून बाहेर पडलं १९२४ ला. त्यांनी ते बांधलेलं पाहिलं नाही.

ताई, मी हे तुम्हाला त्यांच्यासारखं व्हा म्हणून सांगत नाहीये, तो बोजा तुमच्यावर नको, तुम्ही ब्लाऊज शिवून घर चालवताय ते माझ्या दृष्टीने तेवढंच आहे. सांगायचं एवढंच की आपल्या मराठी मंडळीत वाट पाहणाऱ्या बायका आधीपासून आहेत, आणि त्यातली एकही हात बांधून बसलेली मला सापडली नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं घ्या, १८९५ ला त्यांच्या मिस्टरांचा, कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्या किती रडल्या, चिडल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, त्यांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे वाचलेल्या सगळ्यांना माहितीय. तो राग त्यांनी लपवला नाही. आणि १९०० साली त्या स्वतःच्या पायांनी विश्वासात आल्या. टिळकांनी वाट पाहिली ती पण अशीच, ओढून न आणता.

अजून एक, पाळक साहेब मला दुरुस्त करतील. इब्रीत आशेला तिक्वा म्हणतात ना, यहोशवाच्या पुस्तकात राहाबेने खिडकीला किरमिजी दोरी बांधली तिथे दोरीसाठी तोच शब्द आहे असं मी एका अभ्यासवर्गात शिकले होते. मला ते फार आवडतं. खाली सैन्य येणार आहे, कधी येणार माहीत नाही, आणि ही बाई खिडकीत गाठ मारतेय.

निवृत्त_पाळक

बाई, बरोबर आहे, यहोशवा २, तोच शब्द.

नगरची_लेक

मी काल रात्री सगळं वाचलं आणि लगेच लिहिता आलं नाही.

सिस्टर, तुमचं पोटॅशियमवालं मी मिस्टरांना वाचून दाखवलं, दोनदा. दुसऱ्यांदा ते म्हणाले, म्हणजे माझी चूक नव्हती? मी म्हटलं नव्हती. वर्षभर हा माणूस ते मनात धरून बसला होता आणि मला पत्ता नाही. मग पाळक साहेबांनी सांगितलं तसं मी त्यांच्यासमोर मोठ्याने प्रार्थना केली, प्रार्थना कसली, जे मनात होतं ते सगळं बोलले, देवबापा तू ऐकतोस का नाही, इतके दिवस कुठे आहेस, मुलीची फी राहिलीय, मी दमलेय, सगळं. सासूबाई आतून बाहेर आल्या, मला वाटलं रागावतील. त्या शेजारी बसल्या आणि आमेन म्हणाल्या. मिस्टर नाही बोलले. पण त्यांनी हात धरला, फिस्टुलाचा हात, तो ते कुणाला धरू देत नाहीत.

आणि त्या आईसाठी प्रार्थना केली. जी अजून त्या खोलीत गेलेली नाही, तिच्यासाठी. अडीच वर्षांत पहिल्यांदा प्रार्थना मध्येच थांबली नाही.

वसईच्या आई, तुमच्या मिस्टरांचं नाव मला माहीत नाही पण आजपासून तुमच्यासाठी पण मागते. तुम्ही लिहिलंत ते लिहायला किती जड गेलं असेल. खोबरेल आजच लावलं.

विश्वासवीर भाऊ, राग नाही. चमत्कार मी पण मागतेच.

स्वॅपचं कोऑर्डिनेटर मॅडमना विचारलं, गुरुवारी फॉर्म देते म्हणाल्या. दातांची तपासणी राहिली होती, ती पण ह्या आठवड्यात. पिशवी भरली, मुलीची जुनी शाळेची बॅग आहे निळी, तीच घेतली. फाइल, आधार, टॉवेल, त्यांचा स्वेटर कारण मशीनवर थंडी वाजते, सासूबाईंनी त्यात त्यांचं लहान नवा करार घातला. दाराच्या मागे खुंटीला लावलीय.

तरुण संघवाल्या भावा, ॲडमिनना मेसेज केलाय. उद्या मंगळवार. आम्ही सव्वासहाला खाली उभे असतो.